एकच ऑक्साइड, अनेक रचना : रेअर अर्थ ऑक्साइडच्या पातळ थरांत नेमके काय बदलते?

लँथॅनम, सिरियम, गॅडोलिनियम, इट्रियम ही नावे रोजच्या बोलण्यात येत नाहीत. पण या मूलद्रव्यांची ऑक्साइडे ट्यूबलाइटच्या आतल्या लेपात, गाडीच्या धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या उत्प्रेरकात आणि संगणकाच्या चिपमध्येही सापडतात. यांपैकी काही उपयोगांत ऑक्साइडचा अतिशय पातळ थर लागतो. इतका पातळ, की त्याची जाडी अणूंच्या रांगा मोजून सांगता येते. अशा थरात एक अडचण नेहमी पुढे येते. थरात कोणते मूलद्रव्य किती आहे हे अचूक माहीत असले, तरी तो थर कसा वागेल हे त्यावरून ठरत नाही. ते ठरते अणूंच्या मांडणीवरून, म्हणजे स्फटिकरचनेवरून. आणि ही रचना तापमान, ऑक्सिजन, हवेतील ओल आणि खालचा आधार यांपैकी कशानेही बदलू शकते.

थोडक्यात

- रेअर अर्थ ऑक्साइडांच्या नेहमीच्या तापमानाला आढळणाऱ्या तीन मुख्य रचना आहेत : षट्कोनी (ए), एकनताक्ष (बी) आणि घनाकृती (सी).
- मोठ्या तुकड्यात कोणती रचना येईल हे मुख्यतः धातूच्या आयनाच्या आकारावर आणि तापमानावर ठरते.
- पातळ थरात खालच्या आधाराचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे एरवी २००० अंश सेल्सिअसच्या वर टिकणारी रचना साध्या तापमानाला मिळू शकते.
- रचना बदलली की विद्युत गुणधर्म, रंग, घनता आणि टिकाऊपणा बदलतो. कधी थर तडकतो, कधी निकामी होतो.

रेअर अर्थ ऑक्साइड म्हणजे काय?

रेअर अर्थ, म्हणजेच दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये एकूण १७ आहेत. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ लँथॅनाइडे आणि त्यांच्याशी रासायनिक साधर्म्य असलेली स्कँडियम व इट्रियम ही दोन. नावात ‘दुर्मिळ’ असले तरी सगळीच दुर्मिळ नाहीत. पृथ्वीच्या कवचातील सिरियमचे प्रमाण साधारण तांब्याइतके आहे. मात्र ही मूलद्रव्ये एकमेकांत मिसळलेली असतात आणि त्यांना वेगळे करणे जिकिरीचे असते.

ती वेगळी करणे अवघड का, याच्या उत्तरातच रचनेच्या गोष्टीची सुरुवात आहे. बहुतेक संयुगांत ही मूलद्रव्ये तीन इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात आणि रसायनात एकमेकांसारखीच वागतात. फरक पडतो तो आकारात. लँथॅनमकडून ल्युटेशियमकडे जाताना अणुकेंद्रातील धनभार एकेकाने वाढतो. त्याच वेळी वाढणारे इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेत जातात आणि त्या धनभाराला पुरेसे झाकू शकत नाहीत. परिणामी आयन हळूहळू आकसत जातो. सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या लँथॅनम आयनाची त्रिज्या सुमारे ०.१०३ नॅनोमीटर, तर ल्युटेशियमची सुमारे ०.०८६ नॅनोमीटर असते. याला ‘लँथॅनाइड आकुंचन’ म्हणतात.

यांचे नेहमीचे ऑक्साइड धातूच्या २ अणूंमागे ऑक्सिजनचे ३ अणू या प्रमाणात असते. सिरियम, प्रासिओडिमियम आणि टर्बियम मात्र आणखी एक इलेक्ट्रॉन देऊ शकतात. त्यामुळे त्यांच्या ऑक्साइडात ऑक्सिजनचे प्रमाण जास्त असू शकते. सिरियम ऑक्साइडात ते एका धातू-अणूमागे २ असे असते. हा अपवाद पुढे महत्त्वाचा ठरतो.

तीन मुख्य रचना

१९२५ मध्ये व्हिक्टर गोल्डश्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनास-तीन प्रमाणाच्या या ऑक्साइडांची ए, बी आणि सी अशी विभागणी केली. ती आजही वापरात आहे.

- ए, षट्कोनी : लँथॅनमपासून निओडिमियमपर्यंतच्या मोठ्या आयनांना मानवणारी. प्रत्येक धातू-आयनाभोवती ७ ऑक्सिजन असतात.
- बी, एकनताक्ष : समेरियम, युरोपियम, गॅडोलिनियम अशा मधल्या आकाराच्या आयनांत दिसणारी. काही आयनांभोवती ७, तर काहींभोवती ६ ऑक्सिजन असतात.
- सी, घनाकृती : त्यापुढच्या लहान आयनांची, तसेच इट्रियम आणि स्कँडियमची. प्रत्येक आयनाभोवती ६ ऑक्सिजन असतात.

तर्क सरळ आहे. आयन जितका मोठा, तितके जास्त ऑक्सिजन त्याच्याभोवती बसू शकतात. सीमारेषेवरच्या मूलद्रव्यांत मात्र दोन रचना आळीपाळीने दिसतात. गॅडोलिनियम ऑक्साइड कमी तापमानाला घनाकृती असते आणि सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे एकनताक्ष होते. हा बदल होताना त्याचे आकारमान सुमारे ८ टक्क्यांनी घटते. थंड केल्यावर ते सहजी मूळ रचनेत परतत नाही. धातूच्या आयनांना पुन्हा जागा बदलाव्या लागतात आणि साध्या तापमानाला त्यासाठी लागणारी ऊर्जा त्यांच्याकडे नसते. म्हणून खोलीच्या तापमानालाही दोन्ही प्रकारचे गॅडोलिनियम ऑक्साइड बाटलीत ठेवता येते. याखेरीज २००० अंशांच्या पुढे, वितळण्याच्या आधी, ‘एच’ आणि ‘एक्स’ या आणखी दोन रचना येतात.

घनाकृती रचनेचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. सिरियम ऑक्साइडाच्या ‘फ्लोराइट’ रचनेत प्रत्येक धातू-आयनाभोवती ८ ऑक्सिजन असतात. त्यातले एक चतुर्थांश ऑक्सिजन ठरावीक शिस्तीने काढून घेतले की उरते ती ‘सी’ रचना. लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९३० मध्ये बिक्सबाइट या खनिजाच्या अभ्यासातून ही मांडणी उलगडली. तिच्या एकक कोशिकेत, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्यात, ८० अणू असतात : ३२ धातूचे आणि ४८ ऑक्सिजनचे. म्हणजे फ्लोराइट आणि ‘सी’ या दोन्ही रचनांत धातूंचा सांगाडा जवळजवळ तोच राहतो. बदलतात ते ऑक्सिजन.

पातळ थरात वेगळे काय घडते?

माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० हजार नॅनोमीटर असते. इथे ज्या थरांबद्दल बोलणे चालू आहे ते बहुधा १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. घनाकृती गॅडोलिनियम ऑक्साइडाच्या एकक कोशिकेची बाजू १.०८ नॅनोमीटर आहे. म्हणजे १० नॅनोमीटरच्या थरात एकावर एक अशा जेमतेम नऊ कोशिका मावतात. अशा थरातील अणूंचा मोठा वाटा एकतर वरच्या पृष्ठभागाजवळ असतो किंवा खालच्या आधाराला चिकटलेला असतो. ‘आत’ असे फारसे काही उरत नाही.

थर तयार करण्याच्या पद्धती अनेक आहेत. निर्वात पोकळीत ऑक्साइडाची वाफ करून ती तापलेल्या आधारावर बसू देणे, आयनांचा मारा करून ऑक्साइडाचे कण उडवणे (स्पटरिंग), लेझरच्या झटक्यांनी ते बाष्परूप करणे, किंवा दोन वायू आळीपाळीने सोडून अणूंचा एकेक पदर चढवणे. आधार म्हणून सिलिकॉन, गॅलियम आर्सेनाइड, गॅलियम नायट्राइड किंवा तांब्यासारख्या धातूचा एकसंध स्फटिक घेतात.

आधाराचा परिणाम समजायला ठिपक्यांची रांगोळी आठवावी. आधी कागदाने ठिपके पाडले की पुढची रेषा त्या ठिपक्यांच्या हिशेबानेच जाते. आधाराच्या पृष्ठभागावरील अणू हे ते ठिपके. वर बसणाऱ्या ऑक्साइडाचे स्वतःचे अंतर त्यांच्याशी जुळत असेल तर थर आधाराला धरून, एकाच दिशेने वाढतो. अशा वाढीला ‘एपिटॅक्सी’ म्हणतात. अंतर थोडे कमी-जास्त असेल तर थर ताणला किंवा दाबला जाऊन जुळवून घेतो. पण ताणाची ऊर्जा जाडीबरोबर साठत जाते. एका मर्यादेनंतर थर हा ताण सोडतो : कुठे अणूंची एखादी रांग तुटते, कुठे रचनाच बदलते.

सिलिकॉनच्या बाबतीत निसर्गाने चांगली सोय केली आहे. सिलिकॉनच्या कोशिकेची बाजू ०.५४३ नॅनोमीटर. तिची दुप्पट १.०८६. घनाकृती गॅडोलिनियम ऑक्साइडाची बाजू १.०८१, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याचा. सिरियम ऑक्साइडाची ०.५४१, फरक त्याहूनही कमी. इट्रियम ऑक्साइड मात्र सुमारे २.४ टक्क्यांनी लहान पडते.

तरीही केवळ अंतर जुळून भागत नाही, पृष्ठभागाची दिशाही जुळावी लागते. सिलिकॉनचा स्फटिक कर्णरेषेला काटकोनात कापला तर त्या पृष्ठभागावर ही ऑक्साइडे एकसंध वाढतात. चिप उद्योग मात्र घनाच्या बाजूला समांतर कापलेल्या चकत्या वापरतो. त्यांवर घनाकृती ऑक्साइड तिरपे बसते आणि एकमेकांना काटकोनात असलेले दोन प्रकारचे तुकडे तयार होतात. त्यांच्या सीमांवरून विद्युतप्रवाह झिरपू शकतो. यावर एक उपाय म्हणजे चकती काही अंशांनी तिरकी कापणे. मग पृष्ठभागावर पायऱ्या तयार होतात आणि त्या एकाच प्रकारच्या तुकड्यांना वाढू देतात.

रचना बदलवणारे चार घटक

१. आधाराची पकड. गॅडोलिनियम ऑक्साइडाची षट्कोनी रचना मोठ्या तुकड्यात हवी असेल तर २००० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. पण गॅलियम नायट्राइडचा पृष्ठभाग स्वतःच षट्कोनी असतो. त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा गॅडोलिनियम ऑक्साइडाचा थर वाढवला, तर तो षट्कोनी रचनेतच वाढतो आणि साध्या तापमानाला तसाच राहतो, हे तैवानमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. थर जाड होत गेला की आधाराची पकड सैल होते आणि पुढचा भाग एकनताक्ष होऊ लागतो. जी रचना भट्टीतही अवघडपणे मिळते ती इथे केवळ खालच्या ठिपक्यांच्या जोरावर उभी असते.

२. ऑक्सिजनची ये-जा. प्रासिओडिमियम हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. त्याचे ऑक्साइड हवेत साधारण ६ धातू-अणूंना ११ ऑक्सिजन या प्रमाणात असते आणि काळपट दिसते. ऑक्सिजन काढून घेतला की दोनास-तीनचे फिकट हिरवे ऑक्साइड मिळते. या दोन टोकांच्या मध्ये ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा शिस्तीने मांडलेल्या अनेक अवस्था असतात. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे लिरॉय आयरिंग यांनी या मालिकेचा दीर्घ अभ्यास केला.

पातळ थरात ही मालिका कशी वागते, यावर जर्मनीत बरेच काम झाले. तेथील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सिलिकॉनवर वाढवलेले षट्कोनी प्रासिओडिमियम ऑक्साइडाचे थर शुद्ध ऑक्सिजनमध्ये वेगवेगळ्या तापमानांना तापवले. ३०० अंशांच्या खाली थर षट्कोनीच राहिले. ३०० अंश आणि त्यापुढे ते ऑक्सिजन शोषून घनाकृती, फ्लोराइटसारखे झाले. लक्षवेधी बाब अशी, की आडव्या दिशेतील अणूंचे अंतर मूळ षट्कोनी थराचेच राहिले. बदल झाला तो उभ्या दिशेत. धातूचे आयन आपली जागा दूरवर सोडून गेले नाहीत. ऑक्सिजन आत आला आणि पदर एकमेकांवर किंचित सरकून नव्या क्रमाने बसले. परिणामी थर धड मोकळ्या घनाचाही राहिला नाही. तो एका दिशेने ताणलेला घन झाला.

३. बदलाचा मार्ग. सिरियममध्ये हाच मुद्दा आणखी स्पष्ट होतो. सिरियम ऑक्साइडातून ऑक्सिजन पूर्ण काढत गेले की शेवटी दोनास-तीनचे ऑक्साइड उरते. सिरियमचा आयन मोठा असल्याने मोठ्या तुकड्यात हे ऑक्साइड षट्कोनी असते. पण तांब्याच्या स्फटिकावरील पातळ थरातून ऑक्सिजन हळूहळू काढला तेव्हा प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील संशोधकांना शेवटी घनाकृती, ‘सी’ प्रकारची रचना मिळाली. कारण वर पाहिलेच. फ्लोराइट ते ‘सी’ या प्रवासात धातूंचा सांगाडा हलवावा लागत नाही, फक्त ऑक्सिजन बाहेर पडतात. षट्कोनी रचनेसाठी सांगाडाच मोडून पुन्हा बांधावा लागेल. थर सोपी वाट धरतो आणि मधल्या मुक्कामालाच थांबतो. अंतिम रासायनिक प्रमाण तेच, पण तिथवर कसे पोहोचलो यावर रचना ठरली.

तापमान आणि कणांचा मारा हेही मार्ग बदलणारे घटक आहेत. कमी तापमानाला बनवलेला लँथॅनम ऑक्साइडाचा थर अनेकदा आधी अस्फटिक किंवा घनाकृती असतो आणि तापवल्यावर षट्कोनी होतो. जड, वेगवान आयनांचा मारा केल्यास गॅडोलिनियमसारख्या ऑक्साइडांची घनाकृती रचना एकनताक्ष होऊ शकते. म्हणून स्पटरिंग करताना कण फार जोराने आदळत असतील, तर थरात नको असलेला एकनताक्ष भाग मिसळण्याची शक्यता राहते.

४. हवेतील ओल. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो तापतो, फुगतो आणि त्याचा भुगा होतो. लँथॅनम ऑक्साइडाचे वागणे काहीसे असेच आहे. हवेतील बाष्प शोषून ते हायड्रॉक्साइड बनते आणि लँथॅनमच्या प्रत्येक अणूमागे व्यापलेली जागा सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. काही नॅनोमीटरच्या थराला हे सोसणे शक्य नसते. पृष्ठभाग खडबडीत होतो, थर सुटू लागतो आणि विद्युतरोधक म्हणून त्याचा उपयोग संपतो. लँथॅनमकडून ल्युटेशियमकडे जाताना ही ओल धरण्याची खोड कमी होत जाते. म्हणूनच लँथॅनम ऑक्साइडाचा थर निर्वात पोकळीतून बाहेर काढण्यापूर्वी त्यावर दुसऱ्या पदार्थाचे झाकण चढवतात, किंवा ते दुसऱ्या ऑक्साइडात मिसळून वापरतात.

रचना ओळखतात कशी?

मुख्य साधन म्हणजे क्ष-किरणांचे विवर्तन. अणूंच्या पदरांवरून परतणारे क्ष-किरण ठरावीक कोनांतच एकमेकांना बळ देतात. तो कोन मोजला की पदरांमधले अंतर कळते. पण पातळ थरात दोन अडचणी येतात. एक, थरात अणूच कमी असल्याने संकेत क्षीण असतो. दोन, जो थर आधाराशी उत्तम जुळतो त्याचा संकेत आधाराच्या संकेताला जवळजवळ चिकटतो. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या क्ष-किरणांनी सिलिकॉनचा एक मुख्य संकेत २८.४ अंशांवर येतो, तर घनाकृती गॅडोलिनियम ऑक्साइड आणि सिरियम ऑक्साइड या दोघांचे संकेत २८.६ अंशांच्या आसपास. सिलिकॉनचा संकेत प्रचंड असल्याने त्याच्या सावलीत थराचा संकेत दडून बसू शकतो.

यावर काही उपाय आहेत. क्ष-किरण पृष्ठभागाला जवळजवळ समांतर सोडले तर ते आधारात खोल जात नाहीत. सिंक्रोट्रॉनसारख्या यंत्रातून मिळणारे तीव्र क्ष-किरण वापरले तर क्षीण संकेतही पकडता येतो. भारतात इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ हे असे यंत्र आहे. याशिवाय थराचा उभा छेद घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर अणूंच्या रांगा थेट दिसतात.

लेझरचा प्रकाश टाकून अणूंची कंपने टिपणारी रामन पद्धतही उपयोगी पडते. सिरियम ऑक्साइडाचे मुख्य कंपन दर सेंटिमीटरला सुमारे ४६५ या ठिकाणी, तर घनाकृती इट्रियम ऑक्साइडाचे सुमारे ३७७ या ठिकाणी दिसते. रचना बदलली की या खुणा सरकतात, रुंदावतात किंवा त्यांची संख्या वाढते. एकाच पद्धतीवर विसंबणे मात्र धोक्याचे असते. क्ष-किरणांनी फक्त उभे अंतर मोजले, तर ताणलेला घन आणि वेगळीच रचना यांत गल्लत होऊ शकते. त्यासाठी आडवे अंतरही मोजावे लागते.

याने फरक काय पडतो?

चिपमध्ये. ट्रान्झिस्टरमध्ये दरवाज्याखाली विद्युतरोधक थर असतो. अनेक दशके ते काम सिलिकॉन डायऑक्साइडाने केले. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसा हा थर १.२ नॅनोमीटरपर्यंत पातळ झाला आणि त्यातून प्रवाह गळू लागला. मग जास्त विद्युतस्थिरांक असलेल्या पदार्थाचा शोध सुरू झाला, कारण असा पदार्थ जाड ठेवूनही तेवढेच काम करतो. सिलिकॉन डायऑक्साइडाचा स्थिरांक ३.९, तर षट्कोनी लँथॅनम ऑक्साइडाचा सुमारे २७. जर्मनीतील फ्रांकफुर्ट (ओडर) येथील आयएचपी संस्थेने २००० साली प्रासिओडिमियम ऑक्साइडाचे असेच आशादायक निष्कर्ष मांडले होते. पण रेअर अर्थ ऑक्साइडांच्या वाटेत दोन अडथळे होते : ओल शोषणे, आणि तापवल्यावर सिलिकॉनशी संयोग होऊन सिलिकेट तयार होणे. शिवाय लँथॅनम ऑक्साइड षट्कोनीऐवजी घनाकृती झाले तर स्थिरांक बराच खाली येतो. २००७ मध्ये इंटेलने ४५ नॅनोमीटर पिढीच्या चिपमध्ये हाफ्नियमवर आधारित थर आणला आणि ती जागा हाफ्नियमने घेतली. लँथॅनम ऑक्साइडही चिप उद्योगात शिरले, पण वेगळ्या भूमिकेत. हाफ्नियम ऑक्साइडाबरोबर त्याचा अगदी विरळ पदर देऊन ट्रान्झिस्टर कोणत्या व्होल्टेजला सुरू होईल ते नेमके ठरवता येते.

सिलिकॉन सोडून इतर अर्धवाहकांवर मात्र या ऑक्साइडांनी स्वतंत्र कामगिरी केली. गॅलियम आर्सेनाइडवर चांगला विद्युतरोधक थर बसवणे हा जुना प्रश्न होता. अमेरिकेच्या बेल लॅबमधील संशोधकांनी १९९९ मध्ये त्यावर घनाकृती गॅडोलिनियम ऑक्साइडाचा एकसंध थर वाढवून दाखवला.

प्रकाशात. युरोपियम मिसळलेले घनाकृती इट्रियम ऑक्साइड ६११ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमधील तांबड्या छटेचा तो मुख्य स्रोत राहिला आहे. तेच युरोपियम एकनताक्ष गॅडोलिनियम ऑक्साइडात असेल तर मुख्य प्रकाश ६२० नॅनोमीटरच्या पुढे सरकतो आणि अनेक रेषांत विखुरतो. युरोपियम आयन तोच, पण त्याच्या भोवतालचे ऑक्सिजन वेगळ्या तऱ्हेने बसलेले असतात. त्यामुळे लेपाचा रंग पाहूनही रचनेचा अंदाज बांधता येतो.

ऊर्जेच्या साधनांत. गॅडोलिनियम मिसळलेले सिरियम ऑक्साइड ऑक्सिजनचे आयन सहज वाहून नेते, म्हणून घन-ऑक्साइड इंधनघटात त्याचा थर वापरतात. या घटाच्या एका बाजूला हवा, तर दुसऱ्या बाजूला हायड्रोजनसारखे इंधन असते. इंधनाच्या बाजूला ऑक्सिजन कमी असल्याने सिरियमचे काही आयन एक इलेक्ट्रॉन परत घेतात आणि आकाराने मोठे होतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, तसा हा भाग फुगतो. पूर्ण बदल झाला तर प्रत्येक दिशेतील वाढ अडीच टक्क्यांहून जास्त होते. घटात तेवढी होत नाही, पण थराची एक बाजू फुगली आणि दुसरी तशीच राहिली की ताण येतो आणि तडा जाऊ शकतो. थर तडकला की इंधन आणि हवा एकत्र येतात.

गाडीच्या उत्प्रेरकात हीच सवय उपयोगाची ठरते. तिथे सिरियम ऑक्साइड बारीक कणांच्या रूपात असते. धुरात ऑक्सिजन जास्त असताना ते तो साठवते आणि कमी असताना देऊन टाकते. हा व्यवहार अणूंच्या पातळीवर कसा चालतो हे कणांत पाहणे कठीण असते. म्हणून प्रयोगशाळेत त्याच ऑक्साइडाचे सपाट, एकसंध थर बनवून अभ्यास करतात. तांब्यावरील ज्या थरांचा उल्लेख वर आला, ते याच कामासाठी वाढवले जातात.

नेहमी पडणारे प्रश्न

अस्फटिक थर वापरला तर रचनेचा प्रश्नच मिटणार नाही का?
काही प्रमाणात मिटतो. अस्फटिक थरात तुकड्यांच्या सीमा नसतात, त्यामुळे प्रवाह कमी गळतो. पण पुढच्या प्रक्रियेत थर तापवावा लागला तर त्याचे स्फटिकीकरण सुरू होऊ शकते. मग कोणती रचना येईल हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

एकदा बदललेली रचना परत आणता येते का?
बदल फक्त ऑक्सिजनच्या ये-जा करण्याचा असेल तर बहुधा आणता येते. सिरियम ऑक्साइडाची उपयुक्तता यावरच उभी आहे. धातूच्या आयनांचा सांगाडा बदलला असेल तर परतीचा रस्ता अवघड असतो. बाष्पाने हायड्रॉक्साइड झालेला थर तापवून पाणी काढता येते, पण आधी फुगून खडबडीत झालेला पृष्ठभाग पूर्ववत सपाट होत नाही.

थरात मूलद्रव्यांचे प्रमाण अचूक असले तरी रचना तपासावी लागते का?
लागते. षट्कोनी आणि घनाकृती लँथॅनम ऑक्साइडात मूलद्रव्यांचे प्रमाण एकच असते, तरी विद्युतस्थिरांक वेगळा असतो. म्हणून अशा थराचे वर्णन करताना मूलद्रव्य आणि जाडी यांच्या जोडीने रचना, आधार, थर बनवतानाचे तापमान आणि ऑक्सिजनचा दाब या गोष्टीही नोंदवतात. यांतली एक जरी वगळली, तरी दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच थर पुन्हा बनवणे कठीण होते.